त्रिनिदादची दिवाळी चौकटीत मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या दिवसांत पुरवण्यांमध्ये आणि त्याहून जास्त व्हॉट्सॲपवर एक चौकट दरवर्षी फिरते: ‘या देशांतही दिवाळीला सरकारी सुट्टी!’ नेपाळ, मॉरिशस, फिजी, सिंगापूर यांच्या रांगेत त्रिनिदाद आणि टोबॅगो हे नाव हमखास असतं. सोबतचा मजकूर असा असतो, की तिथेही आपल्यासारखीच चार-पाच दिवस दिवाळी चालते, आपल्याच तारखांना. यातली सुट्टी खरी आहे. दिवसांची संख्या चुकीची आहे आणि तारीख बऱ्याचदा चुकते. शिवाय ती सुट्टी चौदा सुट्ट्यांच्या यादीतली एक ओळ आहे. उरलेल्या तेरा वाचल्याशिवाय त्या एका ओळीचा अर्थ लागत नाही, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेली ही दोन बेटं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम महानगराएवढी. त्यात रोमन कॅथलिक २१.६ टक्के, हिंदू १८.२, पेंटेकोस्टल आणि तत्सम पंथ १२, अँग्लिकन ५.७, स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट ५.७, मुस्लिम ५. सगळे ख्रिस्ती पंथ एकत्र मोजले तर निम्म्याच्या पुढे जातात, पण तिथे त्यांना एकत्र कोणी मोजत नाही. कॅथलिकांचा कॉर्पस क्रिस्ती (ख्रिस्ताच्या देहाच्या सन्मानाचा सण) पेंटेकोस्टल माणूस पाळत नाही, आणि बॅप्टिस्टांचा इतिहास तर अँग्लिकन सत्तेशी भांडण्यातच गेला. वंशाने पाहिलं तर भारतीय ३५.४ टक्के आणि आफ्रिकी ३४.२ टक्के. कोणालाच ‘आम्ही बहुसंख्य’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. यादी समजायची तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

चौदा सुट्ट्यांचा हिशोब असा. नववर्ष, भारतीय आगमन दिन (३० मे), कामगार दिन (१९ जून), गुलामी-मुक्ती दिन (१ ऑगस्ट), स्वातंत्र्य दिन (३१ ऑगस्ट) आणि प्रजासत्ताक दिन (२४ सप्टेंबर) या सहा कोणत्याही धर्माच्या नाहीत. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, कॉर्पस क्रिस्ती, नाताळ आणि त्याचा दुसरा दिवस या पाच ख्रिस्ती. उरलेल्या तिनांत ३० मार्चचा स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट मुक्ती दिन, ईद-उल-फित्र आणि दिवाळी. आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना यादीतून निवडून घ्यायच्या ऐच्छिक सुट्ट्या असतात, तसली सोय या यादीत नाही. दिवाळीला कॅथलिक शिक्षक घरी असतो आणि कॉर्पस क्रिस्तीला हिंदू कारकून.

ही यादी एका बैठकीत ठरलेली नाही. इंग्रजांच्या काळात सगळं पंचांग ख्रिस्ती होतं. भारतीय मजुरांचं पहिलं जहाज ‘फतेल रझाक’ कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजी २२५ माणसं घेऊन पोहोचलं. १९१७ साली गिरमिट, म्हणजे करारावर मजूर नेण्याची पद्धत, बंद होईपर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक तिकडे गेले. बहुतेक भोजपुरी आणि अवधी बोलणारे. (आपली मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली ती मॉरिशसला. गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी मॉरिशसमध्ये आहे आणि त्रिनिदादमध्ये नाही, त्याचं मूळ इथे आहे.) एवढी माणसं जाऊनही हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळायला १९४५ साल उजाडलं. देश १९६२ साली स्वतंत्र झाला आणि १९६६ साली दिवाळी व ईद यादीत आल्या. दोन्ही एकाच वेळी, एक-एक दिवस.

बॅप्टिस्टांची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही, पण या यादीतली सगळ्यात बोलकी तीच आहे. आफ्रिकी आणि ख्रिस्ती उपासना एकत्र आलेला हा पंथ. घंटा, टाळ्या, डोक्याला बांधलेलं फडकं आणि अंगात संचारल्यावर मोठ्याने हाका. त्यावरून सत्तेने त्यांना ‘शाउटर’, म्हणजे ओरडणारे, असं हिणवलं आणि १९१७ साली वटहुकूम काढून त्यांच्या उपासनेवरच बंदी घातली. गोंगाटाचा त्रास होतो, हे कारण. ग्रेनाडात जन्मलेल्या एल्टन ग्रिफिथ यांच्या नेतृत्वाखाली लढून ती बंदी ३० मार्च १९५१ रोजी रद्द झाली. १९९६ साली बासदेव पांडे पंतप्रधान असताना त्या तारखेची सुट्टी जाहीर झाली. भारतीय वंशाच्या पहिल्या पंतप्रधानाच्या सरकारने आफ्रिकी लोकांच्या पंथाला दिवस दिला, हे तिथल्या राजकारणात साधं पाऊल नव्हतं. आणि सुट्टी सणाची नाही. एका वाईट कायद्याच्या मरणाची आहे.

यादीतून काही गेलंही आहे. १ ऑगस्टला पूर्वी ‘शोध दिन’ असायचा. कोलंबसाला १४९८ साली हे बेट दिसलं, त्याचा. १९८५ साली तो काढून त्याच तारखेला गुलामी-मुक्ती दिन आणला. गुलामी संपल्याची राष्ट्रीय सुट्टी देणारा जगातला पहिला देश म्हणून त्रिनिदाद हे अभिमानाने सांगतो. १९९९ ते २००१ या काळात तर प्रजासत्ताक दिनच यादीतून बाहेर होता. २००२ साली परत आला. आपल्याकडे २६ जानेवारी तीन वर्षं यादीबाहेर ठेवल्याची कल्पना करून पाहावी. २०१७ साली मूळ रहिवाशांसाठी १३ ऑक्टोबरची सुट्टी दिली, पण ती त्या एका वर्षापुरती. यादीत ती गेली नाही.

आता तारखांकडे. कायद्यात दोन नियम लिहून ठेवले आहेत. सुट्टी रविवारी आली तर सोमवारी मिळते. दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या तर पुढचा दिवसही सुट्टीचा. दुसरा नियम शोभेचा नाही, कारण यादीत ठरलेल्या तारखा आणि चंद्रावर फिरणाऱ्या तारखा यांची सरमिसळ आहे. २०१८ साली गुड फ्रायडे नेमका ३० मार्चला, बॅप्टिस्टांच्या दिवशी आला. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होता. कॉर्पस क्रिस्ती ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी येतो. तो आला ३० मेला, म्हणजे भारतीय आगमन दिनावर. शुक्रवार ३१ मे सुट्टी झाला. कोणा शिष्टमंडळाला मंत्र्यांकडे जावं लागलं नाही की कोणाचा दिवस ‘खाल्ला’ अशी तक्रार झाली नाही. शनिवारला मात्र हा नियम लागू नाही. सुट्टी शनिवारी आली की पाच दिवस काम करणाऱ्याची ती गेलीच. २०२६ साली ३० मे, १ ऑगस्ट आणि २६ डिसेंबर हे तिन्ही शनिवारी आहेत.

आपल्याकडे काय होतं ते आठवावं. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या. मिरवणुका वेगवेगळ्या दिवशी काढायचं मुस्लिम संघटनांनी समजूतदारपणे ठरवलं, आणि मग सरकारने स्वतंत्र आदेशाने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. २०२४ साली मुंबईत पुन्हा तेच. १६ सप्टेंबरची सुट्टी १८ला, कारण १७ला विसर्जन. निर्णय चांगलेच होते, पण ते आयत्या वेळचे होते. शाळांच्या परीक्षा, बँकांचं क्लिअरिंग, गावी जायची आरक्षणं सगळं पुन्हा हलवायचं. रविवारचं तर विचारूच नये. २०२५च्या राज्याच्या यादीत प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चारही रविवारी होते. यादी चोवीस सुट्ट्यांची, त्यातल्या चार छापण्यापुरत्या. त्रिनिदादच्या चौदांमधली एकही रविवारी बुडत नाही.

एक खरं, की रस्त्यावरच्या दोन मिरवणुकांचा प्रश्न त्या नियमाने सुटत नाही. तो फक्त सुट्टीचा दिवस वाचवतो. मिरवणुकीचं शहाणपण लोकांनाच दाखवावं लागतं.

दिवाळीची तारीख हा चौकटीतल्या चुकीचा मुख्य भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथी मात्र जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. २०२४ सालची आश्विन अमावास्या आपल्या वेळेने ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ला संपली. मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे अमावास्येने दोन्ही दिवशी प्रदोषाला, सूर्यास्तानंतरच्या वेळेला, स्पर्श केला. अशा वेळी दुसरा दिवस घ्यायचा, म्हणून आपलं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं. उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी ते ३१लाच झालं, आणि त्यावर घरोघर झालेले वाद वाचकांना आठवत असतील. त्रिनिदादमध्ये हाच हिशोब साडेनऊ तास मागे न्यावा. अमावास्या ३१ ऑक्टोबरला सकाळी ६.२२ला लागली आणि १ नोव्हेंबरला सकाळी ८.४६ला संपली. सूर्यास्ताला अमावास्या असलेला दिवस एकच, ३१. वादाला जागाच नाही. तिथल्या लोकांनी आपलं छापील पंचांग तसंच वापरलं असतं तर पणत्या प्रतिपदेच्या रात्री लागल्या असत्या. पंचांग रेखांशावर चालतं, भक्तीवर नाही.

ईदचंही तसंच. पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो, त्यामुळे आपल्याकडे न दिसलेली कोर तिकडे त्याच तारखेच्या संध्याकाळी काही तासांनी मोठी झालेली असते आणि दिसू शकते. २०२४ साली त्रिनिदादची ईद १० एप्रिलला झाली, महाराष्ट्रात ११ला. त्या वर्षी दिवाळी आणि ईद दोन्ही तिकडे आपल्या एक दिवस आधी. मात्र ‘त्रिनिदाद नेहमी एक दिवस आधी’ असं सूत्र कोणी करू नये. ते वर्षावर अवलंबून आहे.

आता ती दिवाळी दिसते कशी. वसुबारस, धनत्रयोदशी, पाडवा, भाऊबीज यांतलं काही सुट्टीच्या यादीत नाही. मुख्य काम एका संध्याकाळचं. आधीचे काही दिवस घरात मांस-मासे बंद. अंगणात आणि रस्त्याच्या कडेला बांबूच्या कमानी उभ्या राहतात. बांबू ओला असतानाच उभा चिरायचा आणि ओला असतानाच वाकवायचा. वाळू दिला की वाकवताना तडकतो. पणतीला ते ‘देया’ म्हणतात. मातीची, आत कापसाची वात आणि खोबरेल तेल. पणत्या ठेवायच्या आडव्या पट्ट्या समपातळीत बांधल्या नाहीत तर तेल एका बाजूला ओघळतं, वात कोरडी पडते आणि अर्ध्या तासात ओळीतल्या एक-आड-एक पणत्या विझतात. दुसरा शत्रू पाऊस. तिथला पावसाळा जून ते डिसेंबर, म्हणजे दिवाळी भर पावसात. आपल्याला दिवाळीत गुलाबी थंडी माहीत आहे, त्यांना ढगाकडे बघत वात पेटवणं माहीत आहे. चग्वानसजवळच्या फेलिसिटी गावात सगळ्या धर्मांची माणसं गाड्या घेऊन फक्त दिवे बघायला येतात. आल्या-गेल्याच्या हातात प्रसादाची पिशवी ठेवली जाते. त्यात मोहनभोग आणि ‘कुरमा’, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या आणि पाक चढवलेल्या कांड्या. शंकरपाळीची लांबट बहीण म्हणा. जेवण केळीच्या नाही, सोहारी नावाच्या झाडाच्या पानावर. ईदच्या दिवशी शेजारी जी ‘सवाइन’ पाठवतात ती आपल्या शेवयांचीच खीर, जरा पातळ. शब्द समुद्र ओलांडताना कसे झिजतात, त्याचा हा चविष्ट नमुना.

कॉर्पस क्रिस्तीबद्दलही एक सांगावंसं वाटतं, कारण ते शेतकऱ्याला पटेल. ईस्टरवर अवलंबून असल्यामुळे तो २१ मेपासून २४ जूनपर्यंत कधीही येतो, म्हणजे पावसाच्या तोंडावर. त्या दिवशी जमिनीत टाकलेलं बी वाया जात नाही, असा तिथे समज आहे. सुट्टीचा दिवस, ओली जमीन. लोक मका लावतात, तूर लावतात. तूर नाताळच्या जेवणापर्यंत हिरव्या दाण्यांना येते. मृगावर तूर पेरणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हा कॅथलिक सण कळायला भाषांतर लागू नये.

यादीत नसलेला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे कार्निव्हल, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावरचा रस्त्यावरचा नाचगाण्याचा उत्सव. बाहेरच्या प्रत्येकाला वाटतं की ती सुट्टी असणारच. कायद्याने नाही. कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार कामाचे दिवस आहेत, फक्त त्या दिवशी शाळा बंद, बँका बंद आणि पहाटे चारपासून माणसं रस्त्यावर. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो आणि ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी. तेव्हा हिशोब केला तर कार्निव्हल नेहमी अमावास्येच्या आसपास पडतो. ती अमावास्या माघातली असली की महाशिवरात्र अगदी शेजारी. २०२३ साली शिवरात्र १८ फेब्रुवारीला आणि कार्निव्हल २०-२१ला, २०२६ साली शिवरात्र १५ला आणि कार्निव्हल १६-१७ला. रात्रभर शिवाचं जागरण आणि मग पहाटे अंगाला चिखल फासून नाचणारी गर्दी, असा योग काही वर्षांनी येतच राहतो. अमावास्या पौषातली निघाली की दोघांत महिन्याचं अंतर पडतं, २०२४ साली पडलं तसं.

आता तक्रारीची बाजू, कारण हे सगळं गोडगोड नाही. हिंदू १८ टक्के, त्यांना एक दिवस. फगवा, म्हणजे होळी, यादीत नाही आणि शिवरात्रही नाही. मुस्लिमांना ईद-उल-अझहा नाही. शेजारच्या गयानाने निवड वेगळी केली आहे. तिथे फगवा आणि दिवाळी दोन्ही आहेत, मुस्लिमांसाठी ईद-उल-अझहा आणि पैगंबर जयंती. म्हणजे दोन शेजारी देशांत मुस्लिमांची कोणती ईद सरकारी, यावरच एकमत नाही. त्रिनिदादचा होसे, म्हणजे ताबूतांचा मोहरम, सेंट जेम्स आणि सेद्रोसमध्ये आजही निघतो. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडोजवळ याच मिरवणुकीवर इंग्रजांनी गोळीबार करून माणसं मारली होती. त्या दिवसाचीही सुट्टी नाही. आणि ख्रिस्ती पाच दिवसांपैकी ईस्टरचा सोमवार किंवा नाताळचा दुसरा दिवस कोणत्या श्रद्धेचा, हा प्रश्न विचारायला जागा आहे.

तरी यादीबाहेर बरंच काही चालतं, आणि ते कायद्याने होत नाही. दक्षिणेतल्या सिपारिया गावी कॅथलिक चर्चमध्ये मेंढपाळ मेरीची काळसर मूर्ती आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी तिथे हिंदूंची रांग लागते. त्यांच्यासाठी ती ‘सिपारी माई’. तांदूळ, तेल, फुलं वाहतात, बाळाचं जावळ तिथे काढतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस फेडायला जाणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण सरकारने गुड फ्रायडेची सुट्टी दिली ती कॅथलिकांना, आणि तिचा उपयोग जावळासाठी झाला. ऐच्छिक सुट्ट्यांच्या पद्धतीत हे घडलं नसतं.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक सुट्टी हा मूलभूत हक्क नाही आणि आपल्याकडे सुट्ट्या आधीच फार आहेत, असं सुनावलं होतं. ते बरोबरच आहे. पण संख्या कमी करायचा विषय निघाला की ‘कोणाची काढायची’ इथेच गाडी अडते. म्हणून त्याआधीचं लहान काम सुचवतो. राज्याच्या वार्षिक सुट्ट्यांच्या अधिसूचनेच्या शेवटी एक ओळ घालावी: दोन सुट्ट्या एका दिवशी आल्यास पुढचा कामाचा दिवस सुट्टीचा. रविवारचा नियम यात मुद्दाम घातलेला नाही. चोवीसच्या यादीला तो लावला तर कामाचे दिवस आणखी घटतील. त्रिनिदादला तो परवडतो, कारण तिथे सुट्ट्या चौदा आहेत.

राहिली आपल्या चौकटीची दुरुस्ती. २०२६ सालची आश्विन अमावास्या आपल्या वेळेने ८ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या सुमारास लागून ९ला दुपारी साडेबाराच्या सुमारास संपते. त्रिनिदादच्या घड्याळाने ती ७ला मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास, म्हणजे ८ तारखेच्या पहाटे लागते आणि ९च्या पहाटे तीनला संपते. त्यामुळे या वर्षी दोन्हीकडे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरलाच. तो रविवार आहे. आपली सुट्टी रविवारात जिरते. त्रिनिदादच्या कायद्याप्रमाणे सुट्टी सोमवारी, ९ला. चौकट छापणार असाल तर दिवाळी ८ला आणि सुट्टी ९ला, असं वेगवेगळं छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक